दाराला कडुलिंब

श्रावणाचे लाड सगळेच करतात. भादव्याचं कौतुक मात्र गणपती घरात आहेत तेवढ्याच दिवसांपुरतं. विसर्जन झालं, मांडवाचे बांबू उतरले की उरलेल्या पंधरवड्याला कुत्रं विचारत नाही. मेन रोडवरचे कापडवाले गादीवर पेंगत असतात, कारण पितरांच्या दिवसांत नवं काही घ्यायचं नसतं आणि लग्नाचा विषयही काढायचा नसतो. पाऊस येतो म्हणतो आणि येत नाही. ऊन पडलं तर पाठ भाजते, आभाळ भरलं तर जीव घुसमटतो. आमच्या नाशिक रोडच्या कॉलनीत या दिवसांत कपडे वाळत नाहीत आणि माणसंही एकमेकांशी नीट बोलत नाहीत. त्यात मी पहिली. कोणी साधं "काय मॅडम, बऱ्या का?" विचारलं तरी मी वसकन अंगावर जाते. नवरा म्हणतो, "तुझा भादवा सुरू झाला वाटतं." त्याला कारण माहीत आहे, म्हणून तो पुढे काही बोलत नाही आणि आपला चहा आपण करून घेतो.

कारण म्हणजे स्वाइन फ्लूचा तो भादवा, दोन हजार नऊ सालचा. बाकीच्यांसाठी तो कधीच संपला. लोकांनी तोंडावरचे रुमाल सोडले, धुतले आणि परत घाम पुसायला घेतले. माझ्याकडे तो दरवर्षी येतो आणि अमावस्येपर्यंत मुक्काम करतो.

मी आरोग्याच्या कामात होते, पण डॉक्टर नव्हते आणि नर्सही नव्हते. मानसशास्त्र घेऊन एम.ए. झालेली कंत्राटी बाई. लोकांना रोगाची माहिती द्यायची आणि त्यांनी आपलं वागणं बदलावं असं काहीतरी करायचं, हे माझं काम. कागदोपत्री त्याला 'वर्तनबदल' म्हणत. शब्द असा, की जणू उडालेला बल्ब काढून नवा बसवायचा. गावांमध्ये मला 'पोस्टरवाल्या मॅडम' म्हणायचे आणि ते जास्त खरं होतं.

पोस्टरांवरचा माझा विश्वास तसा आधीच उडाला होता. नव्वदच्या दशकाच्या शेवटी एड्सच्या प्रचारासाठी हायवेवरच्या ढाब्यांवर आम्ही कवटीचं चित्र लावत फिरायचो. काळी पाटी, पांढरी कवटी, खाली लाल अक्षरांत मरणाची धमकी. महिन्याभरानं एका ढाब्यावर परत गेले तर कवटी गायब. मालकानं पोस्टर उलटं करून त्याच्या कोऱ्या बाजूला दालफ्रायचे भाव लिहिले होते. मी चिडले तर बाजेवर जेवत बसलेला एक ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, ते मुंडकं समोर असलं की घास उतरत नाय. मरायचंच हाय तर जेवून तरी मरू द्या." त्याला कवटीवरचं एक अक्षर आठवत नव्हतं. आठवत होतं ते फक्त तिच्याकडे पाठ करून बसणं.

त्याच्याही आधी, चौऱ्याण्णव साली सुरतेत प्लेग झाला तेव्हा मी कॉलेजात होते. तोही भादवाच. नाशकातल्या सीबीएस स्टँडवर सुरतेहून एक एसटी आली आणि तिच्यातून एक बाई उतरली, कडेवर तान्हं पोर, डोक्यावर बोचकं. एवढा गर्दीचा स्टँड, पण ती पुढे चालायला लागली तशी माणसं दोन्ही बाजूंना सरकत गेली. कोणी तिला शिवी दिली नाही की दगड मारला नाही, फक्त सरकली. मीही सरकले. तिनं एकाला पिण्याच्या पाण्याचा नळ विचारला तर त्यानं लांबूनच हात करून दाखवला. त्या आठवड्यात ज्यांनी जन्मात गोळी घेतली नव्हती त्यांनी टेट्रासायक्लिनच्या पट्ट्याच्या पट्ट्या खाल्ल्या. शहाणी शिकलेली माणसं होती ती. त्यात माझे वडीलही होते.

या सगळ्यातून मी एक शिकले, निदान शिकले असं मला वाटत होतं. माहिती दिली की माणूस सुधारतो ही आमच्या खात्याची समजूत खोटी आहे. माणूस पत्रक वाचून वागत नाही, तो शेजारच्याकडे बघून वागतो. गाव करी ते राव न करी. मग गावालाच हाताशी धरावं, त्याच्या रूढींना विरोध न करता त्यांच्याच वाटेनं जावं, हे मी मोठ्या तोऱ्यात प्रत्येक बैठकीत सांगायची. वाक्य चांगलं होतं. अजूनही मला ते चुकीचं वाटत नाही, आणि त्याचाच मला जास्त त्रास होतो.

तर त्या वर्षी पावसानं ओढ दिली होती. बाजरी गुडघ्याएवढी होऊन थांबलेली. पुण्यात पहिला मृत्यू झाला आणि नाशकात मेडिकलच्या दुकानांपुढे मास्कसाठी रांगा लागल्या. कॉलेजातल्या पोरींनी स्कार्फ बांधले, ते तर त्या उन्हासाठीही बांधायच्याच. बाकी जनता रुमालात कापूर आणि वेलदोड्याची पुरचुंडी बांधून हुंगत फिरत होती. शहर बस, बँक, दवाखाना, सगळीकडे कापराचा वास. देवघर आणि स्मशान यांच्या मधलं काहीतरी सगळीकडे पसरलं होतं. अशात गणपतीसाठी पुण्या-मुंबईची माणसं आपापल्या गावी यायला लागली.

माझ्याकडे जी गावं होती त्यांतलं एक सिन्नरच्या बाजूला, नाशिक रोडहून एसटीनं तासाभराचं. नाव घेत नाही. तिथं पुण्याहून कंपनीतला एक जण तापानं फणफणून आला आणि दुसऱ्या दिवशी सगळी आळी त्याला बघायला गेली. आजाऱ्याला बघायला जाणं हे आपल्याकडे कर्तव्य आहे. लग्नाला गेलं नाही तर चालतं, एखाद्या वेळेस बारशाला राहिलं तरी चालतं, पण आजाऱ्याला बघायला आलं नाही हे दोन पिढ्या लक्षात ठेवलं जातं. तेव्हा ग्लुकोजचा पुडा आणि शहाळं घेऊन माणसं येत होती, खाटेवर त्याच्या पायाशी बसत होती, कपाळाला हात लावून "लय तापलाय" म्हणत होती, आणि त्याच हातानं पुढ्यातला चहाचा कप उचलत होती. मी दारात उभी राहून ते बघितलं.

संध्याकाळी मारुतीच्या देवळात बायका जमवल्या. अंगणवाडीच्या शोभाताईंनी सतरंज्या घातल्या. या शोभाताई म्हणजे गावातले माझे कान आणि डोळे. मी पत्रकं वाटली, वाचून कोण दाखवतं म्हणून विचारलं, तर एक सातव्या महिन्यातली पोर उठली. मंदा. दहावी झालेली, गोल चेहऱ्याची, बोलताना पदर दातात धरायची सवय. तिनं सगळं पत्रक खणखणीत वाचलं. शेवटी बारीक टायपात ओळ होती, गरोदर बायकांनी ताप आल्यास त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जावं. ती वाचल्यावर बायका हसल्या, "तुलाच लिहिलंय गं मंदे!" मंदाही हसली आणि पोटावरून पदर नीट करून खाली बसली.

मग मी मुद्द्यावर आले. म्हटलं, आजाऱ्याला बघायला जाऊ नका. पुढच्या रांगेतून मंदाची सासू बोलली, पारूबाई. ठेंगणी, काटक, नजर अशी की समोरच्यानं आपण होऊन कबुलीजबाब द्यावा.

"आजाऱ्याला बघाया नाय जायचं? मंग काय मेल्यावर जायचं?"

सगळ्या बायकांनी माना डोलावल्या. मी जंतू, थेंब, शिंक यांची कथा लावली. पारूबाईंनी ती शेवटपर्यंत ऐकून घेतली.

"ते समदं खरं आसंल. पन येक सांगते. पोराला देवी आल्या, कांजण्या आल्या, तर जातं का कोनी आत? दाराला लिंबाचा पाला दिसला की मानूस अंगनातूनच माघारी फिरतं. कोनी रागावतं का? नाय. त्याला रीत म्हनत्यात. तुम्ही नुसतं जाऊ नका म्हनता, ही काय रीत हाय व्हय?"

मला देवळातच टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. किती वर्षं मी बैठकांमधून जे बोलत होते ते या अडाणी म्हातारीनं एका दमात सांगितलं होतं. नको म्हणू नका, त्या जागी दुसरं काही द्या. ते डोळ्यांना दिसेल असं द्या, आणि त्यांच्याच घरातलं द्या. मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. ज्या घरी ताप असेल त्या घराच्या दाराला कडुलिंब बांधायचा. बघायला आलेल्यानं अंगणात उभं राहून हाक मारायची, डबा ओट्यावर ठेवायचा, आतून उत्तर आलं की भेट झाली. रागरुसवा नाही, संबंध तुटले नाहीत. शोभाताई म्हणाल्या, "मॅडम, हे जमंल बघा."

आणि जमलं. आठवड्याभरात गावातल्या ज्या ज्या घरी ताप होता तिथं पाला लागला. मी एका संध्याकाळी गेले तेव्हा आळीत ते चाललेलं माझ्या डोळ्यांनी पाहिलं. एक बाई अंगणात उभी राहून ओरडतेय, "आक्का, बरं हाय का गं? पिठलं आणलंय, वट्यावर ठिवते!" आणि आतून खोकत आवाज येतोय, "बरंय, बरंय, जा तू." सुकत चाललेल्या पाल्याचा तो कडसर वास, कुठेतरी आरतीच्या झांजा. मी एसटीत बसून घरी येताना स्वतःवर इतकी खूश होते की नाशिक रोडला उतरून पेढे घेतले. नवऱ्याला म्हटलं, बघ, एक पोस्टर छापलं नाही आणि गाव बदललं.

महिन्याच्या बैठकीत मी पाल्याचे फोटो दाखवले. साहेब म्हणाले, हे आपण आणखी गावांत करू. कोणीतरी माझं भाषण लिहून घेतलं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती अशी एक म्हण आहे, पण त्या दिवशी मला फक्त गणपती दिसत होता.

विसर्जनाच्या दोन दिवस आधी शोभाताईंचा फोन आला. मी गडबडीत होते, दुसऱ्या गावाला निघाले होते, हातात स्टीलचा डबा आणि खांद्यावर पिशवी. त्या म्हणाल्या, "मॅडम, पारूबाईंच्या दाराला बी पाला लागलाय कालपास्नं."

मी विचारलं, "कोणी आत जातं का?"

"नाय हो. चिटपाखरू नाय जात. त्यांनी तर लय कडक ठेवलंय."

मी म्हणाले, "छान."

हा एक शब्द मी गेली कितीतरी वर्षं तोंडात घोळवते आहे. आत कोण आजारी आहे हे मी विचारलं नाही. दारावर माझं लक्ष होतं, दाराच्या आत कोण आहे याच्याशी मला काही देणंघेणं नव्हतं. लोक कसे वागतात याचं शास्त्र शिकलेल्या बाईला एवढंही सुचू नये? राग येतो मला, अजून येतो, आणि भादव्यात तो दिसेल त्याच्यावर निघतो.

पाल्याच्या मागे आणखी एक रीत उभी होती आणि ती मला माहीत होती. माहीत नव्हती असं म्हणून मला सुटता येणार नाही. लहानपणी माझ्या धाकट्या भावाला कांजण्या आल्या तेव्हा आमच्याही दाराला पाला होता. देवी घरात आली की घरात फोडणी द्यायची नाही, तळण तळायचं नाही, मोठ्यानं बोलायचं नाही. आणि औषध द्यायचं नाही, कारण तो रोग नसतो, पाहुणी असते. आजाऱ्याला उंबऱ्याबाहेर काढायचं नाही. सातव्या दिवशी लिंबाच्या पाण्यानं न्हाऊ घालायचं आणि देवीला वाटेला लावायचं. मी त्या रीतीतला मला सोयीचा तेवढा तुकडा तोडून घेतला होता. गावानं मात्र ती अख्खी घेतली. रीत कोणी तुकड्यानं पाळत नाही.

पुण्याच्या माणसाला आणि बाकीच्यांना साधा ताप होता, ते औषधाशिवायच बरे झाले आणि पाल्याचं नाव आणखी मोठं झालं. मंदा सातव्या महिन्यातली होती. पारूबाईंनी स्वतः झाडावर पोरगं चढवून ताजी डहाळी काढली, स्वतः बांधली, सुनेच्या उशाशी बसून राहिल्या, तिला ताकभात भरवला, रात्र रात्र पदरानं वारा घातला. कोणती सासू करेल एवढं? सहाव्या दिवशी सकाळी मंदाचे ओठ निळे पडले. नवरा भाऊसाहेब, पंचविशीतला, ट्रॅक्टरवर कामाला जाणारा मुलगा, त्यानं तिला जीपमध्ये घालून नाशकात आणलं. दुपारी ती गेली. पोटातलं बाळही गेलं. डॉक्टर म्हणाले, फार उशीर झाला.

मला हे आमच्या कार्यालयात एका यादीतून कळलं. वय, गाव, गरोदर. मी ती ओळ परत परत वाचली. मंदानं देवळात वाचलेली ओळ माझीच होती, मीच लिहिलेली, बारीक टायपात. ती तिला पाठ असणार.

ती गेल्याच्या आठव्या दिवशी भेटायला गेले. पाला उतरला होता, खिळ्याला सुतळी तशीच होती. पारूबाईंनी माझे दोन्ही हात धरले. रडून रडून त्यांचा आवाज बसला होता.

"मॅडम, तुम्ही सांगितलं तसं समदं केलं. कोनाला आत येऊ दिलं नाय. चुलीवर फोडनी पडू दिली नाय. मंग आमचं कुठं चुकलं?"

मी काही बोलायच्या आत त्यांनीच उत्तर दिलं. त्यांनी ते शोधून ठेवलं होतं. पाचव्या दिवशी भाऊसाहेबानं सिन्नरहून तापाची गोळी आणली आणि आईला न सांगता दुधातून मंदाला दिली. संध्याकाळी ताप उतरला आणि दुसऱ्या दिवशी पहाटेपासून तिला श्वास घेता येईना. "देवी कोपली," पारूबाई म्हणाल्या. "यानं घात केला. बायकू आन् लेकरू, दोगं बी यानंच मारलं."

भाऊसाहेब समोरच्या भिंतीला टेकून उकिडवा बसला होता. त्यानं हे ऐकलं आणि मान वर केली नाही. त्याला ते पटलं होतं.

तापाची एक साधी गोळी. तिनं काहीही बिघडलं नव्हतं, आणि तिच्यानं काही होण्यासारखंही नव्हतं. जे औषध हवं होतं ते सरकारी दवाखान्यात होतं आणि पहिल्या दोन दिवसांत हवं होतं. मला हे त्या क्षणी सांगता आलं असतं, दोन वाक्यांचं काम होतं. पण गोळी निर्दोष म्हटल्यावर दोषी कोण, हा पुढचा प्रश्न येणार होता. मी पारूबाईंच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "झालं ते झालं. नशिबापुढे कोणाचं काही चालत नाही." मानसशास्त्राच्या पदवीधर बाईनं काढलेले हे उद्गार. मी पोराला तिथं भिंतीशी सोडून एसटी पकडली.

नंतर साहेबांना सांगून तो पाल्याचा प्रकार मी बंद करवला. त्यांनी कारण विचारलं तर मी म्हणाले, "अंधश्रद्धा वाढेल, सर." ऐकायला किती बाणेदार वाटतं. साहेबांना ते आवडलंच.

मधलं वर्ष कसं गेलं ते सांगण्यासारखं नाही. शोभाताई फोनवर कळवत राहायच्या. भाऊसाहेब कामाला जातो आणि येतो. आई त्याला ताट वाढते पण त्याच्याशी बोलत नाही. दुसरं लग्न करा म्हणून मामा आला होता, तर भाऊसाहेबच म्हणाला, माझ्या हातानं अजून कोणाला मारू? हे ऐकल्यावर मी फोन ठेवून मोरीत जाऊन बसले. त्या वर्षी पाऊस चांगला झाला, बाजरी डोक्याच्या वर गेली, असंही शोभाताईंनी सांगितलं.

आणि पुढचा भादवा आला. पितरांच्या पंधरवड्यातली नवमी ही सवाष्ण मेलेल्या बायकांची. त्या दिवशी त्यांच्या नावानं एखाद्या सवाष्णीला जेवू घालतात. तिची ओटी भरतात, तिला त्या गेलेल्या बाईच्या जागी मानतात. शोभाताईंचा निरोप आला की पारूबाईंनी मला सवाष्ण म्हणून जेवायला बोलावलंय. मी म्हटलं, अहो, मी नात्याची नाही, गोत्याची नाही. त्या म्हणाल्या, "मी बी तेच म्हनले. पन त्या म्हनत्यात, मंदीला मॅडमचं लय होतं, त्याच येऊ द्या."

नाही म्हणायला शंभर कारणं होती. गेले.

पारूबाईंनी मला पाटावर बसवलं. हळदकुंकू लावलं, हिरवा खण आणि नारळ ओटीत घातला, वाकून माझ्या पायांवर पाणी घातलं. मी पाय मागे घेतले तर म्हणाल्या, "राहू द्या, ते तुमचं न्हाईत आज." पान वाढलं. खीर, भजी, कढी, गवारीची भाजी, डांगराची भाजी, कुरडई. भाऊसाहेब ओसरीवर होता. कावळ्याला घास ठेवायची वेळ झाली तसा तो उठला, हात धुतले आणि दारापर्यंत आला. पारूबाईंनी त्याच्याकडे न बघता पुतण्याला हाक मारली. "तू ठिव रं. त्याच्या हाताचं ती घ्यायची नाय."

भाऊसाहेब ओले हात तसेच धरून दारात थांबला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, हे मला सहन झालं नाही. पहिला घास माझ्या हातात होता. तो पानात परत ठेवला आणि मी बोलले.

"त्या गोळीनं मंदा गेली नाही. त्या गोळीत तसं काही नव्हतं."

पारूबाईंचा वाढता हात थांबला. "मंग कशानं गेली?"

"उशिरानं. ताप आला त्याच दिवशी तिला नाशकात न्यायला हवं होतं. तिथं औषध होतं. पाला बांधला की बाहेरच्यानं आत जायचं नाही, एवढंच मी तुम्हाला सांगितलं. आतल्या माणसाला बाहेर काढायचं, हे सांगायचं राहिलं. ते माझं राहिलं. मागच्या वर्षी इथं बसून हे सांगायला मी घाबरले आणि याच्यावर ढकलून गेले."

पुतण्या घास हातात घेऊन अंगणात उभा होता. मग भाऊसाहेबाचा आवाज आला, वर्षभरात मी त्याचा आवाज पहिल्यांदा ऐकत होते.

"मॅडम, दुसऱ्या दिवशी मी जीप सांगितली व्हती. मंदीच म्हनली, त्या कागदात लिव्हलंय, मला न्या. जीप अंगनात आली व्हती. आईनं माघारी लावली. पाला बांधलेल्या घरातून बाई भाईर काढीत नसत्यात म्हनून." तो थांबला. "त्या दिशी नेली असती तर?"

पारूबाई माझ्याकडे बघत होत्या. आजवर मी त्या नजरेपुढे नेहमी खाली बघितलं होतं. मला 'सांगता येत नाही' असं म्हणता आलं असतं. ते खोटंही नव्हतं, डॉक्टरसुद्धा तसंच म्हणतात. त्या म्हातारीला उरलेलं आयुष्य जगायला एवढे तीन शब्द पुरले असते. पण हा पोरगा एक वर्ष त्या भिंतीशी बसून होता, आणि त्याला खरं सांगायचं तर ते अर्धं सांगून चालणार नव्हतं.

"बहुतेक वाचली असती," मी म्हणाले.

पारूबाई रडल्या नाहीत. त्यांनी मुलाला हाक मारली, "भाऊ, ये. घास तू ठिव," आणि तो पुतण्याच्या हातातून घास घेऊन अंगणात गेला. त्या माझ्या पानाजवळ सरकल्या. खिरीचं भांडं हातात घेतलं, पण वाढताना खीर भातावर सांडली. आणि माझ्या तोंडाकडे बघून, अगदी हळू, त्या म्हणाल्या, "जेव गं मंदे. चुकलं माझं."

मी त्यांना थांबवायला हवं होतं. चूक माझी म्हणून सांगायला मी आले होते, आणि आता मंदाच्या जागी बसून त्यांची माफी मीच ऐकून घेत होते. पण अर्ध्या पानावरून सवाष्णीनं उठायचं नसतं आणि बोलायचंही नसतं. मी खाली मान घालून जेवले. पारूबाई शेवटपर्यंत वाढत राहिल्या, आणि मी एकदाही पुरे म्हणाले नाही.